प्रस्तावित तळं

नकाशेकाकांनी आयुष्यभर गटारं काढली. कागदावर, अर्थात. नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर ड्राफ्ट्समनच्या खुर्चीत बसून त्यांनी शहरातल्या निम्म्या गटारांचे आणि जवळजवळ सगळ्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढले होते. शहर वरून कसंही दिसत असलं तरी खालून ते फार देखणं आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. दुर्दैवानं खालून बघायला कोणी जात नाही, त्यामुळे काकांच्या कलेचं चीज व्हायचं राहून गेलं होतं.

अशा माणसानं एकदम झाडं, वेली आणि तळं काढायला घेतलं, याला कारण त्यांची लेक.

तो उन्हाळा असा पेटला होता की गल्लीतली कुत्री सावलीसाठी एकमेकांच्या आडोशाला बसत. गल्ली म्हणजे समोरासमोर दोन चार-मजली इमारती, मधे सिमेंटचा रस्ता आणि टोकाला राडारोड्याचा जुना ढीग. झाड औषधालासुद्धा नाही. लेकीच्या कॉलेजात कोणी पाहुणे तापमानवाढीवर व्याख्यान देऊन गेले, आणि तेव्हापासून पोरगी गप्प झाली होती. पंख्याकडे बघत पडून राहायची. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, वीस वर्षांनी या गल्लीत माणूस राहूच शकणार नाही. सगळं संपलंय."

"पानातलं आधी संपव," काकू म्हणाल्या.

काकांनी मात्र हातातला घास परत पानात ठेवला. पोरगी रडली असती तर त्यांनी समजूत काढली असती. चिडली असती तर ते आतल्या खोलीत निघून गेले असते. पण तिनं हे 'बस चुकली' म्हणावं तितक्या सहज सांगितलं, आणि त्या सुरावर त्यांच्याकडे उपाय नव्हता. त्यातून तिनं पुढं हेही सांगून टाकलं, की या वर्षाची परीक्षा झाली की ती मामाकडे, थंड हवेच्या गावाला, कायमची जाणार. मामाच्या ऑफिसात टायपिंगचं काम आहे. शिकून तरी काय दिवे लावायचेत.

"तिच्याकडे आकडे आहेत," काका नंतर काकूंना म्हणाले. "माझ्याकडे काय आहे?"

"पेन्सिली," काकू म्हणाल्या. "घरभर पडलेल्या असतात."

काकूंना ते टोमणा म्हणून म्हणायचं होतं. काकांनी तो सल्ला म्हणून घेतला. संसारात अशी गफलत अधूनमधून होते आणि तिच्यातूनच बरेचदा काहीतरी घडतं.

रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद अंथरला आणि आपली गल्ली वीस वर्षांनी कशी असेल ते काढायला घेतलं. सवयीनं पहिला तासभर गटारच काढलं. मग मात्र हात सुटला. रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं आली. तापणाऱ्या भिंतीवर वेल चढला. गच्च्या पांढऱ्या झाल्या, गच्च्यांवरचं पाणी पाइपांतून खाली उतरलं आणि राडारोड्याच्या ढिगाच्या जागी जाऊन साठलं. तिथं तळं झालं. तळ्याकाठी बाक आला, बाकावर माणसं आली. काकांच्या नकाशात माणसं येण्याची ही पहिलीच वेळ. गटारात त्यांची कधी गरज पडली नव्हती.

इथवर सगळं ठीक होतं. पण माणूस हौसेला मुरड घालू शकतो, हाताच्या वळणाला नाही. काकांनी कोपऱ्यात चौकट आखली, उत्तर दिशा दाखवली, तळ्याला लांबी-रुंदी घातली, खाली सही केली आणि वर आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'प्रस्तावित'. सगळ्या नोकरीत या शब्दाशिवाय त्यांच्या हातून एक कागद बाहेर पडला नव्हता.

लेकीनं चित्र बघितलं. "तळं, बाबा? आपल्या गल्लीत?" ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला. दुसरा जागच्या जागी राहिला.

काकूंना एक कोपरा पुरला. त्यांनी चित्र उचललं आणि खाली जाऊन सोसायटीच्या फलकावर चार टाचण्यांनी ठोकून टाकलं.

सकाळी काका ऑफिसला निघाले तर फलकापुढे गर्दी. काकांनी उगाचच शर्टाची कॉलर नीट केली आणि चेहऱ्यावर, 'छे हो, त्यात काय विशेष' असा भाव आणून ते पुढं झाले.

"हे झाड माझ्या खिडकीसमोर कोणाला विचारून आलं?" जज्जसाहेबांनी विचारलं.

जज्जसाहेब काही जज्ज नव्हते. जन्मभर कोर्टाच्या दारात उभं राहून पुकारा करायचे, आणि निवृत्त झाल्यावर एकदम निकालच द्यायला लागले होते.

"अजून आलेलं नाही, साहेब," काका म्हणाले.

"प्रस्तावित आहे ना? मग माझी हरकत नोंदवून घ्या."

त्यांच्या मागे शिंपीमामा उभे होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. त्यांची तक्रार अशी, की चित्रात त्यांच्या पाटीवर फांदी आली आहे.

"वीस वर्षांत तुमचं दुकान सगळ्यांच्या ओळखीचं होईल की, मामा."

"आत्ताच पंचवीस झाली. अजून लोक किल्ल्या करून मागतात."

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं दुखणं वेगळंच. त्यांनी चित्र डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे तपासलं आणि म्हणाल्या, "आमची स्कूटर कुठाय?"

काकांनी समजावलं, की वीस वर्षांनी सगळे बसनं जातील, गल्लीत गाड्या लागणारच नाहीत.

"म्हणजे आम्ही गाडी विकणार," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला. "असं काय होणार आहे हो आमच्या घरात? तुम्हाला काही कानावर आलंय का?"

त्या दिवशी काका आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसला उशिरा पोहोचले. मग रोजचाच तो क्रम झाला. चित्र संध्याकाळी घरी यायचं, खोडरबर खायचं आणि सकाळी परत फलकावर जायचं. कोणी म्हणे बाक लोखंडी नको, उन्हात चटका बसतो. कोणी म्हणे बाकच नको, समोरच्या इमारतीतले येऊन बसतील. एका मावशींनी बाकावरची बाई आपणच असं परस्पर ठरवून टाकलं आणि मग ती इतकी जाड का, याचा जाब काकांना विचारला. गटारांच्या नकाशाला कधी कोणी जाड म्हटलं नव्हतं. काकांना हे सगळं फार लागलं.

हरकत न घेणारे एकच निघाले, तळमजल्यावरचे आजोबा. नव्वदीच्या उंबरठ्यावरचे. ते काठी टेकत आले, चष्मा पुसला आणि बराच वेळ चित्रात काहीतरी शोधत राहिले.

"मी दिसत नाही," ते म्हणाले.

वीस वर्षांचा हिशेब आजोबांनाही येत होता आणि काकांनाही. काकांनी खिशातली पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथं, भिंतीला हात टेकून, बाकाच्या टोकाला आजोबा काढले.

"काठी नको," आजोबा म्हणाले. "तोवर बरा झालेला असेन."

काकांनी काठी खोडली.

लेक हे सगळं जिन्यातून बघत असायची. पण काकांनी जज्जसाहेबांच्या हरकतीपायी ते खिडकीसमोरचं झाड पुसायला घेतलं, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला. "ते राहू द्या, बाबा. मावळतीचं ऊन बरोबर तिथूनच आत येतं. त्या झाडाचा सगळ्यात जास्त फायदा जज्जसाहेबांनाच आहे."

"हे त्यांना कोण सांगणार?"

"मी नाही सांगणार," लेक म्हणाली आणि खाली जाऊन सांगून आली. जज्जसाहेबांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि निकाल राखून ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चित्र सुफळ झालं म्हणता आलं असतं. पण घरं विकून देणाऱ्या एका एजंटानं येता-जाता त्या फलकाचा फोटो काढला, आणि 'तळ्याकाठचं घर, नगरपालिका प्रस्तावित' अशी जाहिरात जगभर पाठवून दिली. शनिवारी एक कुटुंब जागा बघायला आलं. पोरांच्या गळ्यात पोहण्याचे चष्मे होते. तळं कुठं आहे म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा काकूंनी राडारोड्याच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "ते काय. फक्त पाणी भरायचं राहिलंय."

ती जाहिरात फिरत फिरत नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. तिथून नोटीस निघाली. ती पोस्टात गेली, शहरभर हिंडली आणि काकांच्या घरी येऊन पडली, आणि काकांनी ती डब्याच्या पिशवीत घालून परत त्याच इमारतीत नेली. विनापरवाना तळं खोदल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, असं तिच्यात विचारलं होतं. तळ्याची लांबी-रुंदी अचूक दिली होती, कारण ती काकांनीच लिहिलेली होती.

तिसऱ्या मजल्यावरचे कारकून भले गृहस्थ होते. त्यांनी काकांना खुर्ची दिली.

"तळं नाहीच आहे हो," काका म्हणाले.

"बुजवलंत? उत्तम. बुजवल्याचा फोटो जोडा."

"बुजवलं नाही. खोदलंच नव्हतं."

"मग खोदलं नसल्याचा फोटो जोडा."

न खोदलेल्या तळ्याचा फोटो कसा काढावा, यावर काकांनी दोन दिवस विचार केला. अखेर त्यांनी राडारोड्याच्या ढिगाचा, सगळ्या बाजूंनी, स्वच्छ उजेडात फोटो काढून नेला. कारकुनांनी तो चष्मा वर करून पाहिला, मग चष्मा खाली करून पाहिला.

"म्हणजे तळ्यात राडारोडा टाकलात," ते दुःखानं म्हणाले. "याची वेगळी नोटीस निघते."

"तो ढीग आपल्याच पालिकेचा आहे. गटाराचं काम झालं तेव्हापासून पडलाय. त्या गटाराचा नकाशा मी काढलाय."

"असं कुठं बोलू नका," कारकून आवाज खाली आणून म्हणाले. "पालिकेच्या माणसानंच केलं म्हटल्यावर तुमच्या नोकरीवर येईल. त्यापेक्षा ढीग हलवा, जागा सपाट करा. येत्या रविवारी निरीक्षकसाहेब येऊन तळं नाही असं डोळ्यांनी बघतील आणि फाईल बंद होईल."

काका जिना उतरले ते कठडा धरून. तीस वर्षं ज्यांनी कागदावर एक रेघ वाकडी काढली नाही, त्यांच्यावर एका नसलेल्या तळ्यामुळे घरी बसायची पाळी आली होती. घरी येऊन त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं, "मी आता कधीही काहीही काढणार नाही." चित्र गुंडाळून त्यांनी कपाटावर टाकलं.

पण गल्लीला हे मानवेना. फलक रिकामा दिसल्यावर पहिले चौकशीला आले ते जज्जसाहेब. "माझी हरकत त्या चित्रावर प्रलंबित आहे. ते असं काढून घेता येणार नाही." मागोमाग वहिनी आल्या, शिंपीमामा आले. लेकीनं सगळ्यांना नोटीस वाचून दाखवली. काका मान खाली घालून बसले होते. सगळे हसतील असं त्यांना वाटलं होतं, पण कोणी हसलं नाही.

"आपल्या तळ्याला नोटीस?" शिंपीमामा म्हणाले.

'आपल्या' हा शब्द काकांनी ऐकला आणि मान वर केली.

रविवारी सकाळी सगळी गल्ली ढीग हलवायला उतरली. ट्रक शिंपीमामांच्या गिऱ्हाइकाचा. घमेली चावीवाल्याकडून आली, म्हणजे लोक ज्याला शोधत मामांच्या दुकानात शिरायचे, तो चावीवाला खरंच होता आणि मागच्याच गल्लीत राहायचा. जज्जसाहेब खुर्ची टाकून देखरेख करत होते. काकांनी जुना पाइपांचा नकाशा आणून जमिनीवर खडूनं रेघ मारली आणि ट्रकवाल्याला बजावलं, "या रेघेच्या डावीकडे पाण्याचा पाइप आहे. तिकडं चाक नेऊ नका. उजवीकडे बिनधास्त या. हा नकाशा माझा आहे."

ट्रकवाला बिनधास्त उजवीकडून आला. शेवटची खेप उरली तोवर ढिगाखाली चांगला मोठा खोलगट खड्डा निघाला होता. ट्रकचं मागचं चाक त्याच्या काठावर आलं, जमीन थोडी खचली, खालून 'कट्ट' असा आवाज आला आणि मग पाणी.

"इथं पाइप नाही," काका म्हणाले. त्यांच्या घोट्यांपर्यंत पाणी आलं होतं. "नकाशाप्रमाणे पाइप तिकडं आहे."

"पाण्याला नकाशा दाखवा, काका," ट्रकवाला म्हणाला.

त्या क्षणी काकांना नोकरीचं दुःख झालं नाही. दुःख झालं ते आपण काढलेल्या त्या सुंदर रेघेचं, जी कुणा आळशी कंत्राटदारानं जमिनीत भलतीकडेच पुरून ठेवली होती. ते तसेच पाण्यात उभे राहिले. पाणी बंद करायला माणूस धावला, पण तो येईपर्यंत खड्डा काठोकाठ भरला. धूळ तळाशी बसली, वर आभाळ दिसायला लागलं. पोरं पाण्यात होती. वहिनींनी चपला काढून काठावर पाय सोडले. आजोबांनी आपली खुर्चीच पाण्यात ठेवायला लावली आणि डोळे मिटून बसले. उन्हाच्या झळा येत होत्या, पण पाण्यावरून येताना त्यांचा जोर जरा मोडत होता, आणि गल्लीत कितीतरी दिवसांनी माणसं भर दुपारी घराबाहेर थांबली होती.

आणि निरीक्षकसाहेब आले.

त्यांनी हातातली फाईल बघितली, मग समोरचं तळं बघितलं. "तळं नाही, असं तुमचं लेखी म्हणणं आहे," ते काकांना म्हणाले.

"होय, साहेब," पाण्यात उभे असलेले काका म्हणाले.

साहेबांनी टेप काढून मोजलं. "लांबी बरोबर आहे. रुंदी हातभर कमी आहे." पुढं काय लिहावं, हे त्यांनाही सुचेना. घाम पुसत ते काठावर बसले. वहिनींनी त्यांना बूट काढायचा आग्रह केला. कर्तव्यावर असताना तसं करता येत नाही, असं म्हणत त्यांनी एकच काढला.

तेवढ्यात लेक घरातून गुंडाळी घेऊन आली आणि तिनं चित्र साहेबांपुढे उलगडलं. ती धापा टाकत होती. "साहेब, हे तळं नाही. हे बघा, दोन्ही गच्च्यांचे पाइप इथं येतात. हा पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा आहे. बाबांनी नाव चुकीचं लिहिलंय."

"चुकीचं?" काका दुखावून म्हणाले. काकूंनी त्यांच्या हाताला चिमटा घेतला.

निरीक्षकसाहेबांच्या चेहऱ्यावर प्रथमच सुख दिसलं. "मग आधी बोलायचं नाही का? पाणी जिरवायच्या खड्ड्याला परवानगी लागतच नाही. नसला तर नोटीस देतो आम्ही." त्यांनी चित्र जवळ ओढलं. "पण गच्चीचे पाइप आहेत कुठं? आणि ही झाडं? कागदावर दाखवलंत तर जागेवर दिसलं पाहिजे. मी पुन्हा येणार."

"या की," लेक म्हणाली. "पण वीस वर्षं नका लावू. आम्हाला तोवर थांबायचं नाहीये."

हे वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू उगाचच पदर पिळत राहिल्या, जो मुळीच भिजलेला नव्हता.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर गल्लीतला कोणीही ते खोटं ठरवील. पाइपांच्या जोडण्या पहिल्याच सरीत सुटल्या आणि सगळं पाणी जिन्यातून आलं. खड्ड्यात डास झाले. मग डासांसाठी मासे आणले, माशांसाठी एक बगळा आला, आणि बगळ्याबद्दल जज्जसाहेबांनी हरकत घेतली. पाच रोपं लावली त्यातलं एक बकरीनं खाल्लं, एकावर वहिनींची स्कूटर गेली. गच्च्या पांढऱ्या केल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, वर गेलं की डोळे दिपतात, पण वरच्या मजल्यावरचे लोक मात्र दुपारचे झोपायला लागले. जज्जसाहेबांच्या खिडकीसमोरचं झाड सगळ्यात जोमानं वाढलं. त्याला पाणी कोण घालतं याचा तपास लागला नाही, पण जज्जसाहेबांकडे पहाटे एक तांब्या ओला दिसायचा.

उष्मा काही गेला नाही. तो या एका गल्लीला ऐकणारा नव्हता, हे लेकीला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. आकडे तिच्याकडेच होते. पण आता ती ते आकडे घेऊन पंख्याखाली पडायची नाही, लोकांच्या दारात जाऊन उभी राहायची. मामाला तिनं कळवून टाकलं, की टायपिंगसाठी दुसरं कोणी बघा, मला इथं गुडघाभर काम आहे.

एका संध्याकाळी मागच्या गल्लीतली मंडळी घरी आली. पुढारी चावीवालाच होता. त्यांना त्यांच्या गल्लीचं चित्र हवं होतं.

"मी गटारं काढतो," काका घाईघाईनं म्हणाले. "ते एकदाच चुकून झालं."

"तसंच चुकून करा," चावीवाला म्हणाला. "फक्त तुमच्या तळ्यापेक्षा आमचं मोठं पाहिजे. आणि बगळे दोन."

काकांनी लेकीकडे बघितलं. तिनं आधीच टेबलावर कागद अंथरला होता आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर पेले ठेवत होती.

"मोठं काढू," ती म्हणाली. "पण एक अट आहे. रविवारी सगळ्यांनी येऊन भांडायचं. घरी बसून कोणी नाही म्हणायचं नाही."

मंडळींनी अट मान्य केली आणि उठली. पहिल्या मजल्यापर्यंत सुद्धा उतरली नसतील, तोच जिन्यातून आवाज यायला लागले. झाड कोणाच्या दारात, बाक कोणाच्या भिंतीला, आणि बगळ्यांचं कोण बघणार. आवाज चढत गेले. कोणीतरी कोणाला, तुझ्या बापानं तरी कधी झाड लावलं होतं का, असं विचारलं. खालून शिंपीमामांनी आपला अनुभव सांगायला सुरुवात केली.

काका दार लावायला गेले होते. ते तसेच, कडीवर हात ठेवून, ऐकत उभे राहिले.

"काय हो, भांडतायत का?" आतून काकूंनी विचारलं.

"भांडतायत," काका समाधानानं म्हणाले. "होणार यांचं."